तिसऱ्या हिश्श्याचे पाच आणे

पाइपातलं पाणी गेलं. आधी धार बारीक झाली, मग फुर्रफुर्र करत नुसती हवा आली, आणि शीला रिकामा पाइप हातात धरून उभी राहिली. विहिरीवरची मोटार मात्र चालूच होती. म्हणजे पाणी होतं, पण ते आता जगदेवच्या वावराकडे वळलं होतं. समोर संत्र्याच्या कलमांची शेवटची ओळ, धुऱ्याला म्हणजे बांधाला लागून, आणि तिची आळी कोरडी ठणठणीत. कालही हीच ओळ राहिली होती, परवाच्या पाळीलाही हीच.

"दादा, येवढी एक ओळ होऊ दे ना रे!" ती तिथूनच ओरडली.

"टाइम झाला वं तुया!" जगदेवचा, मोठ्या भावाचा, आवाज आला. "रोज रोज काय थेच!"

आता कुणी म्हणेल, एवढी शेकड्यानं कलमं, त्यातली एक ओळ राहिली तर राहिली, आभाळ कोसळतं का? म्हणणाऱ्याचं काय जातं! ऑक्टोबरच्या उन्हात कोवळ्या कलमाला पाणी नाही मिळालं की पान आत वळतं, मग पिवळं पडतं, मग काडी उरते. ज्याचं जळतं त्याला कळतं. शीला खाली बसली, एका आळ्यात बोट खुपसलं, पुन्हा उठली, दुसऱ्यात खुपसलं. माती सगळीकडे सारखीच कोरडी होती. तरी ती ओळ संपेपर्यंत बोटं खुपसत गेली.

जगदेव वाईट माणूस नव्हता, खरं दुखणं तेच होतं. वाईट असता तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. मालेगावला तिचा नवरा वारला, सासरच्यांनी "आता तुमचं तुमी पाहा" म्हटलं, तेव्हा कामरगावहून जीप करून तिला घ्यायला आला तो जगदेवच. बापाच्या जमिनीत बहिणीचा हिस्सा काढायचा म्हटलं की भाऊ आधी आंधळे होतात, मग बहिरे होतात, आणि बहिणी वाशीमच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. इथं तसं काही झालं नाही. जगदेव, मधला मुन्ना आणि शीला, तिघांत जमीन सारखी वाटली गेली. मोजणीवाला आला, दगड रोवून गेला. घरामागची एक खोलीही तिला मिळाली. "भाऊ असावा तर असा," असं अख्खं गाव म्हणालं, आणि शीलानंही ते मनापासून म्हटलं.

जमिनीचं कागदावर झालं. विहिरीचं झालं तोंडी, आणि तिथंच माशी शिंकली.

वऱ्हाडात आण्याला विचारतं कोण? आणा जाऊन जमाना झाला, पण हिस्सा अजून आण्यातच बोलतात. पूर्ण चीज म्हणजे सोळा आणे, अर्धी म्हणजे आठ, पाव म्हणजे चार. बाप गेल्यावर दोघा भावांत विहीर आठ-आठ आणे होती. थ्री फेजची लाइट आठ तास, म्हणजे आण्याला अर्धा तास, चार तास तुझे, चार माझे. कसं सुटसुटीत! आता हिस्सेदार झाले तीन. चुलता पुंजाजी मधे बसला, त्यानं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली, आणि फर्मान काढलं, "तिघाईले पाच-पाच आणे."

"आन उरला एक?" मुन्नानं विचारलं.

"थो मोठ्याचा. मोठेपणाचा मान नाई का काई?"

 शीला खाली मान घालून बसली होती. हिस्सा मिळतोय हेच तिला जास्त वाटत होतं, त्यात तोंड उघडून ती काय बोलणार? सोळाचे तीन सारखे भाग होत नाहीत हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं डी.एड. केलं होतं तिनं, नोकरी लागली नाही ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी तिचं डोकं हिशेबात नव्हतंच. हिशेब डोक्यात आला तो ओळ सुकायला लागली तेव्हा.

संध्याकाळी जगदेवची मुलगी संस्कृती पाटी-पुस्तक घेऊन आत्याच्या खोलीत यायची. पोरगी पाचवीत, नवोदयच्या परीक्षेला बसणार होती, आणि तिनं तिथं लागावं म्हणून जगदेवचा जीव वरखाली होत होता. "शिले, पोरगी तुया हवाली," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शीलालाही बरं वाटलं होतं. भावाच्या उपकाराखाली नुसतं बसून राहणं फार जड जातं, त्यापेक्षा काहीतरी परत करायला मिळालेलं बरं.

अपूर्णांकाची बेरीज आली की वर्गातली पोरं वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवून मोकळी होतात. अर्ध्यात पाव मिळवला की दोन षष्ठांश! म्हणजे अर्ध्यात अजून थोडं घातलं आणि अर्ध्याहून कमी झालं. संस्कृती असलं काही करत नव्हती. ती डोळे मिटायची, ओठ हलवायची आणि फटकन उत्तर सांगायची.

"तीन चतुर्थांशातून एक अष्टमांश गेला," शीलानं विचारलं.

"बारा आण्यातून दोन आणे गेले. दहा आणे. दहा छेद सोळा, म्हंजे पाच छेद आठ."

"शाब्बास वं! कोणं शिकवलं?"

"बाबानं. बाबा म्हन्ते, कोणताबी अपूर्णांक आला का त्याचे आणे करायचे. खाली सोळा मांडले का साऱ्याईचे छेद एक होतात."

शीला खूश झाली. समच्छेद करणं म्हणजे आणखी काय असतं? वेगवेगळ्या मापांना एका मापात आणायचं, मग मिळवा नाहीतर काढा. जगदेवची शाळा सातवीपर्यंतची, पण मुद्दा बरोबर पकडला होता. आणि मग पुढचं गणित आलं, एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश.

"पाच आणे न् चार आणे, नऊ आणे," संस्कृती म्हणाली. "नऊ छेद सोळा. पण आत्या, पुस्तकवाल्यानं हे उत्तरच नाई छापलं. चारबी पर्याय चुकीचे हायेत."

"तिसरा हिस्सा पाच आणे कसा?" शीलाच्या तोंडून निघून गेलं.

"असा कसा? आपल्या इहिरीत तुया तिसरा हिस्सा नाई का? थो पाचच आणे तं हाये."

 पोरीनं सरळ डोळ्यानं पाहून म्हटलं होतं, तिच्यात काडीचं कपट नव्हतं. आणि त्याच वेळी बाहेर ओसरीवर जगदेवच्या चपला वाजल्या.

"हे राहू दे," शीला म्हणाली. "पुढचं कर."

पोरीनं पुढचं केलं. शीलाचं मात्र मागच्या गणितातून निघेना. शिक्षिका म्हणवते स्वतःला, आणि लेकराचं चुकलेलं गणित झाकून ठेवते! तिची तिलाच लाज वाटली. पण बरोबर सांगायचं म्हणजे काय सांगायचं? भावाच्याच घरात बसून, भावाच्याच पोरीला, की तिसरा हिस्सा पाच आण्यांचा नसतो, त्याहून जास्त असतो? ते गणित कुणाच्या कानाला गणित वाटणार? गाव म्हणेल, खायला दिलं तर ताटाचं माप काढते. दुसऱ्या दिवशी तिनं तृतीयांशाची गणितं गाळली. तिसऱ्या दिवशी भागाकार काढला. पोरगी घरी गेली की ती उठायची, बसायची, माठातलं पाणी प्यायची, अंगणात जायची, पुन्हा आत यायची. कशातच लक्ष लागत नव्हतं.

पुढच्या पाळीला पुन्हा ओळ राहिली. शीला धुऱ्यावर बसली आणि रागारागानं काडीनं मातीत आकडे ओढायला लागली. सोळा आणि तीन. दोन्ही ज्यात पुरे बसतील अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? अट्ठेचाळीस. म्हणजे एकेका आण्याचे तीन-तीन बारके भाग करायचे. पाच आण्यांचे झाले पंधरा भाग. आणि अट्ठेचाळीसाचा खरा तिसरा हिस्सा झाला सोळा. तिला एक भाग कमी पडत होता. आठ तासांचे अट्ठेचाळीस भाग केले तर एक भाग दहा मिनिटांचा.

दहा मिनिटं! तेवढ्यात ती ओळ होत होती, बरोबर तेवढ्यातच. हसावं की रडावं तिला कळेना. तिला आणा नको होता, मोठेपणा नको होता. तिला तिचीच दहा मिनिटं हवी होती, आणि ती मागायची तर माहेरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

त्या संध्याकाळी संस्कृती आली ती रडकं तोंड घेऊन. शाळेत सराव पेपर झाला होता आणि जिथं जिथं तृतीयांश होता तिथं तिथं फुली बसली होती.

"मी नापास होईन का वं आत्या?"

झालं. त्या प्रश्नापुढं शीलाची सगळी भीड गळाली. ती उठली, चुलीजवळची काड्यापेटी आणली आणि सोळा काड्या पोरीच्या पुढ्यात टाकल्या. "तिघाईले सारख्या वाट."

संस्कृतीनं तीन ढीग केले, पाच-पाचचे. एक काडी हातात उरली. ती काडी तिनं एका ढिगावर ठेवली, काढली, दुसऱ्यावर ठेवली.

"सारखे होऊन नाई राह्यले."

"होतच नाई. सोळात दोन बसतो, चार बसतो, आठ बसतो. तीन बसत नाई. म्हणून जिथं तिसरा आन चौथा हिस्सा एकासंग येतो तिथं सोळा सोडायचे, आन दोघंबी ज्याच्यात बसतात थो छेद धरायचा."

"बारा!" संस्कृती क्षणात म्हणाली. "चार न् तीन, सात. सात छेद बारा. हाये पुस्तकात!" आणि मग तिचं लक्ष पुन्हा हातातल्या काडीकडे गेलं. "मंग थो उरला आणा बाबानं कायले घेतला?"

"थे गणितात नाई हाये. लिव गुमान."

पण पोरगी बापाची होती. हट्टीपणात तिनं बापाला खाली पाहू दिलं नसतं. जेवायच्या वेळी तिनं तोच प्रश्न बापाला विचारला, आणि जगदेव भरल्या ताटावरून उठून, हातही न धुता, शीलाच्या दारात येऊन उभा राहिला.

"पोरीच्या तोंडून मांगतं काय? मायासंग बोलाले जीभ झडली तुयी?"

"मी काईच नाई मांगितलं, दादा. तिचं गणित चुकून राह्यलं व्हतं."

"माया हिशेब चुकीचा हाये म्हन्तं तू. मायाच घरात बसून, मायाच पोरीले!"

"दादा, अर्ध्याले-पावाले तुया हिशेब सोळा आणे बरोबर हाये. तिसऱ्या हिश्श्याले नाई बसत थो, दहा मिनिट कमी पडतात. मी काय करू? तीनपाचे पंधराच होतात, मी सांगतलं म्हणून का सोळा होतीन?"

त्यांची आई, मनकर्णाबाई, मागून काठी टेकत आली. "शिले, चूप राय वं. जेवढं भेटलं थे का कमी हाये? दहा मिनिटासाठी भावाचं मन मोडतं?"

"दहाच मिनिटं हायेत तं देऊन टाक म्हणा त्याले!"

बोलून गेली खरी. जगदेव तिच्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा रागानं लाल झाला होता, पण त्यात आणखीही काहीतरी होतं. भर पंगतीत कुणी ओळख नाकारावी तसा तो गोंधळला होता.

"आयक," तो शेवटी म्हणाला. "पेपरातलं पेपरात राहू दे, न् वावरातलं वावरात. पोरीले पेपरात बारा लिवू दे, नाई तं बारा हजार लिवू दे. इहीर सोळा आण्याचीच राहीन."

दुसऱ्या दिवसापासून संस्कृतीचं येणं बंद झालं. शीला संध्याकाळी पुस्तक उघडून बसायची, दाराकडे पाहायची, पुस्तक मिटायची. एके दिवशी ती मुन्नाकडे गेली. म्हटलं, अरे बाबा, तुझीही दहा मिनिटं आहेत त्या आण्यात, तू तर बोल. मुन्ना हसला. हा माणूस प्रत्येक गोष्टीत हसतो.

"मोठ्याचा ट्रॅक्टर मले फुकटात भेटते, शिले. पाण्यात राहून माशाशी वैर कायले घेऊ? मले दहा मिनिट नोको, मले ट्रॅक्टर पायजे."

"म्हंजे मी एकटीच भांडखोर!"

"मंग काय," मुन्ना म्हणाला आणि पुन्हा हसला.

दिवाळी आली. घराघरांत अनारसे तळले गेले, अंगणं सारवली गेली, आणि शीलाच्या शेवटच्या ओळीतली दोन कलमं वाळून गेली. दिवाळीच्या दिवशी मागच्या खोलीत बसून तिनं पुढच्या घरातले फटाके ऐकले. वहिनी, जगदेवची बायको पल्लवी, फराळाचं ताट ठेवून गेली आणि काही न बोलता तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. संस्कृती दोनदा दारापाशी आली आणि दोनदा पळून गेली.

भाऊबीज मात्र टाळता येत नव्हती. बहीण एका अंगणात राहते आणि ओवाळत नाही, म्हणजे गावाला वर्षभराचा विषय! शीलानं ताट सजवलं, निरांजन लावलं आणि पुढच्या घरात गेली. तिथं पुंजाजीकाका येऊन बसला होता, शेजारचे दोघं-चौघं होते. पाट मांडलेला, त्यावर जगदेव टोपी घालून ताठ बसलेला. त्या घरची रीत अशी, की बहिणीच्या ताटात काही पडल्याशिवाय भावानं पाटावरून उठायचं नाही. रीत बापानं घालून दिली होती आणि आजवर कुणी मोडली नव्हती.

शीलानं टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ताट पुढे धरलं. जगदेवनं खिशात हात घातला नाही. तो खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"यंदा साडी नाई न् पैसे नाई. इहिरीतला थो एक आणा, मायावाला, थो मी तुया ताटात घातला. आजपासून तुये सहा आणे."

"वा रे वाघा!" पुंजाजीकाकानं मांडीवर थाप मारली. "याले म्हन्तात मोठा भाऊ!"

मनकर्णाबाईनं पदर डोळ्याला लावला. शेजारी माना डोलावत होते. शीलाच्या डोळ्यापुढं ती ओळ आली. अर्धा तास पाणी! एक ओळ काय, तीन ओळी निघतील. नुसतं ताट खाली घ्यायचं, भावाच्या पाया पडायचं आणि घरी जायचं. एवढंच करायचं होतं. पोरगी पुन्हा शिकायला येईल, आई सुखानं जेवेल, गाव पुन्हा म्हणेल, भाऊ असावा तर असा.

पण तिचे हात खाली येईनात. मागितलं त्याच्या तिप्पट तो देत होता, आणि मागितलं तेवढंच देत नव्हता. आज ओवाळणी म्हणून आलेला आणा उद्या रुसवा म्हणून परत जाईल, तेव्हा ती काय म्हणणार? दिलं तर भावानं, नेलं तर भावानं. आणि त्या आण्यात मुन्नाची दहा मिनिटं होती, ती कुणाच्या बापाची म्हणून घ्यायची? पलीकडे उंबऱ्यावर संस्कृती उभी होती, तोंड उघडं ठेवून, आत्या काय करते ते पाहत.

"दादा," शीला म्हणाली. आवाज फाटला, तिनं पुन्हा सुरुवात केली. "दादा, ओवाळणीत आपल्या पदरचं घालतात. थ्या आण्याचे तीन हिस्से हायेत. एक मायाच हाये, थो तू मले कसा देशील? एक मुन्नाचा हाये, थो देणारा तू कोण? राह्यला एक, थो तुया. थो तुले घालायचा असन तं घाल, मी डोक्याले लावून घेतो. पण आधी मायं मले मायं म्हणून दे."

 निरांजनाची वात तडतडली.

"तुये सोळा मी नाई मोडत," ती घाईघाईनं पुढे बोलत राहिली, थांबली तर रडू येईल म्हणून. "एका आण्याचे तीन भाग कर. अट्ठेचाळीस होतात. तुले सोळा येतात, मुन्नाले सोळा येतात, मलेबी सोळा येतात. बापाची इहीर हाये, मलेबी सोळा दे. येवढंच म्हणून राह्यली मी."

"ओवाळणी परत करतं तू?" जगदेवचा आवाज खाली गेला होता. "भाऊबिजेच्या दिवशी? माणसाईत?"

 शीला ताट तसंच धरून उभी राहिली. जगदेव तिच्याकडे पाहत बसला, मग ताटाकडे, मग काकाकडे. त्याला उठवेना आणि बसवेना. शेवटी त्यानं टोपी काढून मांडीवर आपटली आणि तो उठला. ताट रिकामं ठेवून, कुणाकडे न पाहता, मागच्या दारानं वावराकडे निघून गेला.

"अवं माय माय!" मनकर्णाबाई कपाळ बडवायला लागली. "रिकामं ताट वं! बापाच्या घरात रिकामं ताट!"

पुंजाजीकाका शीलाला बरंच काही बोलला. बाईच्या जातीनं किती बोलावं, शिकलं की असं होतं, वगैरे वगैरे. म्हाताऱ्यांना हे पाठ असतं, त्यांना आठवावं लागत नाही. मग मुन्ना पाटावर बसला. शीलानं त्याला ओवाळलं, डोळ्यातलं पाणी तसंच ठेवून. त्यानं ताटात नोट टाकली. या वेळी तो हसला नाही.

"माये बी दहा मिनिट हायेत म्हन्तं तू?" त्यानं हळूच विचारलं.

"हायेत."

"मंग मलेबी पायजे," मुन्ना म्हणाला. "ट्रॅक्टरचं पाहू."

दुसऱ्या दिवशी शीला वावरात निघाली ती धाकधुकीनंच. स्टार्टरच्या पेटीला कुलूप असेल, मोटारीची वायर काढलेली असेल, तो तिथं काठी घेऊन उभा असेल, काय काय तिच्या मनात येऊन गेलं. पेटी उघडी होती. लाइट आली, तिनं बटण दाबलं, पाणी आलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. पाइप ओढता ओढता ती सारखी धुऱ्याकडे पाहत होती. ऊन चढलं. तिचा अडीच तासांचा टाइम भरत आला आणि जगदेव आला.

तो पाणी वळवायच्या कॉकपाशी जाऊन उभा राहिला. शीला शेवटच्या ओळीच्या तोंडाशी पोचली होती. एरवी इथं ती ओरडायची. आज तिनं ओठ आवळले. मागायचं ते काल सगळ्यांसमोर मागून झालं होतं, आता पुन्हा हात पसरायचे नव्हते. तिनं पहिल्या कलमाच्या आळ्यात पाइप टाकला आणि धार केव्हा तुटते याची वाट पाहत राहिली.

धार तुटली नाही. पहिलं आळं भरलं. दुसरं भरलं. तिनं मान वर केली. जगदेव पाठ करून उभा होता, हातात मोबाइल, त्याच्याकडेच पाहत. तिसरं, चौथं. वाळून गेलेल्या दोन कलमांच्या आळ्यांतही तिनं पाणी सोडलं, उगीच, राहवलं नाही म्हणून. ओळ संपली. अगदी धुऱ्यापर्यंतची ओळ, पहिल्यांदाच. 

पाणी मात्र येतच होतं. शेवटचं आळं काठोकाठ भरलं, काठ फुटला, पाणी तिच्या पायांवरून धुऱ्याकडे पळायला लागलं.

"दादा, झालं मायं!" तिनं आवाज दिला. "वळव तिकडं!"

तो हलला नाही.

"दादा, वाया चाललं पाणी! बस झालं म्हन्तो ना!"

तो तसाच पाठमोरा. ऐकू येत नव्हतं असं नाही. शीलानं धावत धावत पाइप मागच्या ओळीत नेला, ती भरली, त्याच्या मागच्या ओळीत नेला. काय चाललंय तिला समजेना. चिडून असं करतोय का, उद्या सगळ्या गावाला सांगेल, बहिणीनं माझ्या पाळीचं पाणी खाल्लं म्हणून? धापा टाकत ती पाइप ओढत राहिली. आणि मग एकदम धार बारीक झाली आणि थांबली. जगदेवनं कॉक फिरवला होता.

तो धुऱ्यावरून तिच्या वावरात आला. चिखलाच्या अलीकडे थांबला. कालपासून जेवला नसावा, तोंड उतरलं होतं.

"पहिले दहा तुये व्हते," तो म्हणाला. "थे तुले रोज भेटतीन. मुन्नालेबी त्याचे दहा देतो म्हणून सांगतलं."

"आन हे मांगचे?"

"हे दहा माये." त्यानं दुसरीकडे पाहिलं. "माया पदरचे. काल ताटात टाकाचे राह्यले व्हते."

शीला एक पाऊल पुढे आली.

"रोज नाई भेटणार," जगदेव एकदम ओरडला, कुणी भांडायला आल्यासारखा. "सालातून एकडाव! आन पोरीले संध्याकायी पाठवतो, थ्या बाराच्या छेदानं तिचे वांधे होऊन राह्यले घरी, मले नाई येत थे तुमचं!"

एवढं बोलून तो वळला आणि ढेकळं तुडवत आपल्या वावरात निघून गेला. शीला चिखलात उभी होती, हातात रिकामा पाइप, आणि ती हमसून हमसून रडत होती. पलीकडे मुन्नाची बायको धुऱ्यावर येऊन विचारत होती, काय झालं वं बाई, कोण काय बोललं. शीलानं मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि पाइप गुंडाळायला लागली.